थेम्समध्ये कोणी पडलेलं दिसलं तर ९९९ वर नक्की कोणाला मागायचं?

पुलावरचा_येडा

लंडनला येऊन दीड वर्ष झालं, रोज ऑफिसातून निघालो की हंगरफर्डच्या पादचारी पुलावरून चालत जातो. मागच्या गुरुवारी रात्री पावणेदहाच्या सुमाराला खाली पाण्यात काहीतरी काळं वाहत जाताना दिसलं, कोट घातलेला माणूस पालथा पडलाय असं वाटावं असं, डोकं दिसलं की नाही ते शपथेवर सांगता येणार नाही पण खांद्यासारखा फुगवटा होता. मी थांबलो, शेजारी एक जोडपं थांबलं आणि आमचं तिघांचं सुरू झालं, माणूस आहे, नाही हो कचरा आहे, अहो हात हलला, कुठे हलला, असं करत करत चारेक मिनिटं गेली. तेवढ्यात ते दिसेनासंही झालं.

मग ९९९ ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन लावला. कुठली सेवा हवी विचारल्यावर तोंडातून सवयीने पोलिस आलं. त्यांनी दोन प्रश्न विचारून कोस्टगार्डला जोडून दिलं. तिथल्या बाई एकदम शांत. पूल कुठला, ते सांगितलं. कधी दिसलं, तर मी म्हणालो आत्ताच. कुठल्या पुलाच्या दिशेने जात होतं, कुठल्या काठाजवळून, तिथे माझी दांडी गुल. आधी नॉर्थ म्हणालो, मग नाही नाही साउथ म्हणालो. बाईंनी सुस्कारासुद्धा सोडला नाही, पण मलाच लाज वाटली.

लाइफबोट अक्षरशः आली म्हणता आली. दिवा टाकत खाली खाली गेले, बऱ्याच वेळाने काहीतरी वर ओढलं. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा, फळीत अडकलेला.

तर प्रश्न असे की नदीत कोस्टगार्ड कसे काय, समुद्र कुठच्या कुठे राहिला. मी सुरुवातीलाच काय सांगायला हवं होतं. आणि पिशव्यांसाठी एवढी माणसं पळवली ते आता डोक्यातून जात नाहीये, तर त्याचं काय करायचं.

शहाणा_सुरता

शहरातली नदी म्हणजे पोलिसच ना. वॉपिंगला नदीच्या पोलिसांचं ठाणं आहे, १७९८ पासून आहे. कोस्टगार्ड किनाऱ्यासाठी. तुम्ही बरोबर केलंत, पोलिसच मागायचं.

डेकवरचा_बाळू

वरच्या प्रतिसादातला इतिहास बरोबर आहे पण सल्ला चुकीचा आहे, कोणी तो वाचून लक्षात ठेवू नका. थेम्सला टेडिंग्टनपर्यंत भरती-ओहोटी लागते, आणि तिथून खाली समुद्रापर्यंत शोध आणि सुटका कोणी चालवायची तर एचएम कोस्टगार्डने. ९९९ ला विचारलं की सरळ कोस्टगार्ड म्हणायचं. पोलिस म्हणालात तर आभाळ कोसळत नाही, जोडून देतात, पण त्यात वेळ जातो आणि या नदीत वेळ म्हणजे अंतर.

मी प्रवासी बोटीवर डेकला आहे, सहा वर्षं झाली. लोकांचा गैरसमज असा असतो की कोस्टगार्ड म्हणजे बोट घेऊन येणारी माणसं. पुलाखाली येते ती लाइफबोट आरएनएलआयची, ती धर्मादाय संस्था आहे, लोकांच्या देणग्यांवर चालते. कोस्टगार्डचा माणूस खोलीत बसलेला असतो, हेडसेट लावून, आणि त्याचं काम जुळवायचं. एका कानात तुम्ही रडताय, दुसरीकडे चॅनल १६, म्हणजे बोटींच्या रेडिओवरचा संकटाचा चॅनल, चालू, तो लाइफबोटला निघायला सांगतो, बंदराच्या व्हीटीएसला सांगतो, वॉपिंगच्या पोलिस बोटीला सांगतो, लॅम्बेथला अग्निशमनच्या बोटी असतात त्या हव्यात का बघतो, अॅम्ब्युलन्स कुठल्या पिअरवर, म्हणजे बोटी लागतात त्या धक्क्यावर, उभी करायची ते ठरवतो. हे शेवटचं सोपं वाटतं, नाही आहे. मध्य लंडनात उधाणाला पाणी जवळजवळ सात मीटर वर-खाली होतं. पूर्ण ओहोटीला पिअरचा उतार असा उभा होतो की स्ट्रेचर वर न्यायला चार माणसं घामाघूम. म्हणून सगळ्यात जवळचं पिअर कधीकधी सगळ्यात वाईट पिअर असतं.

व्हीटीएस म्हणजे बोटींचा ट्रॅफिक कंट्रोल, पोर्ट ऑफ लंडनचा. त्यांना रडारवर, एआयएसवर (बोटी रेडिओवरून आपली जागा आपोआप कळवतात ती यंत्रणा) सगळं दिसतं, म्हणजे आत्ता त्या पुलाच्या वरखाली कोण कोण आहे ते. ते आम्हाला चॅनल १४ वर सांगतात, अमुक पुलाजवळ पाण्यात माणूस असल्याची खबर, वेग कमी करा, नजर ठेवा. वेग कमी का, तर आमच्या लाटेने पोहणाऱ्याच्या नाकातोंडात पाणी जातं आणि डोकं दिसेनासं होतं. एकदा आम्हालाच सगळ्यात जवळ म्हणून थांबायला सांगितलं होतं. दीडशे माणसं वर, सगळी एका बाजूला फोटो काढायला धावली, कप्तानाने माइकवर असा काही आवाज काढला की सगळे जागच्या जागी बसले. मोठ्या बोटीने माणसाच्या फार जवळ जायचंच नसतं, खाली पंखे असतात. आम्ही प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभं राहून दिवा धरून ठेवला, रिंग टाकली, आणि मेटने, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या माणसाने, एक काम केलं, हाताचं बोट त्या माणसावर रोखून धरलं ते लाइफबोट येईपर्यंत खाली घेतलं नाही. बोट दाखवणारा माणूस हा आमच्या ड्रिलमध्ये वेगळाच असतो, त्याला दुसरं काही करायचं नाही. हाताचं बोट हं, आमची बोट नव्हे. मान वळवलीत की गेलं. रात्री काळ्या पाण्यात डोकं म्हणजे एक नारळ.

आता तुमची चार मिनिटं. ओहोटी जोरात असली की मध्य लंडनात प्रवाह तीनचार नॉट असतो. तीन नॉट म्हणजे सेकंदाला दीड मीटर, मिनिटाला नव्वद मीटरच्या वर, चार मिनिटांत पावणेचारशे मीटर. हंगरफर्डवरून निघालेली वस्तू तुमची चर्चा संपेपर्यंत जवळजवळ वॉटर्लू पुलाखाली. आणि तुम्ही सांगितलं आत्ताच, हंगरफर्ड. तुम्हाला बोल लावत नाहीये, पण समजा त्या बाईंनी तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकला असता तर शोध चार मिनिटं मागच्या जागी सुरू झाला असता.

रेडिओवाली

बाळूदादा मस्त लिहिलंत. मी व्हीएचएफचं, म्हणजे बोटीवरच्या रेडिओचं, शॉर्ट रेंज सर्टिफिकेट केलंय आणि वीकेंडला वल्हवते, तर काठाच्या प्रश्नावर थोडं.

येडाभाऊ, तुम्ही नॉर्थ-साउथमध्ये गडबडलात त्यात तुमचा दोष कमी आणि नदीचा जास्त आहे. नकाशा उघडून बघा, वेस्टमिन्स्टरपासून वॉटर्लूपर्यंत थेम्स जवळजवळ उत्तरेला वाहते, मग पूर्वेला वळते. म्हणजे हंगरफर्डवर उभं राहिलं की ज्याला सगळे नॉर्थ बँक म्हणतात तो काठ खरं तर तुमच्या पश्चिमेला असतो. फोनमधलं कंपास काढून सांगायला गेलात तर ऐकणारा चक्रावेल. त्यापेक्षा एम्बँकमेंटची बाजू की लंडन आयची बाजू असं सांगा, कोणालाही कळतं. डावा-उजवा काठ तर बोलूच नका, तो समुद्राकडे तोंड करून मोजतात आणि तुम्ही नेमकं कुठे तोंड करून उभे आहात ते फोनवर दिसत नाही.

पाणी कुठे चाललंय हे कळायची सोपी खूण: पुलाचा खांब बघा. ज्या बाजूने पाणी येतं तिथे ते खांबावर चढतं, मिशी आल्यासारखं दिसतं, आणि पलीकडे भोवरे सुटतात. रात्रीही दिव्यांच्या उजेडात दिसतं. पाण्याचा पृष्ठभाग बघून अंदाज करू नका, वारा उलटा असला की लाटा एकीकडे आणि प्रवाह दुसरीकडे, हमखास फसायला होतं. आणि मग नुसतं एवढं म्हणायचं की वॉटर्लूकडे चाललंय किंवा वेस्टमिन्स्टरकडे चाललंय. अपस्ट्रीम-डाउनस्ट्रीमसुद्धा नको, कारण भरतीला पाणी उलटं वर चढत असतं आणि मग वरचा म्हणजे कुठला यावर अर्धा मिनिट जातो.

आळशी_वल्हं

रेडिओवाली, एक विचारतो, राग मानू नका. आम्ही कयाकवाले. सगळे कोर्स करा, रेडिओ घ्या म्हणतात. शहराच्या मधोमध आहोत, मोबाइलला फुल रेंज, वॉटरप्रूफ पाउच आहे, कशाला हवाय व्हीएचएफ. ९९९ लावलं की झालं.

रेडिओवाली

@आळशी_वल्हं राग कशाला. पाउचमधून फोन अनलॉक करून बघा, गार पाण्यात दहा मिनिटं हात बुडवल्यानंतर. खरंच करून बघा, घरी बादलीत बर्फ घालून. मी केलंय. अंगठ्याचा ठसा घेत नाही, पिन टाकताना बोटं वळत नाहीत, आणि हे बादलीत, खाली जमीन असताना.

दुसरं म्हणजे फोन एकालाच ऐकू जातो. चॅनल १६ वर मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, दिला की कोस्टगार्डला जातो आणि ऐकणाऱ्या आसपासच्या सगळ्या बोटींनाही जातो, कदाचित तुमच्यापासून दोनशे मीटरवर असलेल्या बाळूदादांच्या बोटीलाही. बोट मदतीला वळेपर्यंत कोणी कोणाला फोन करायची गरज पडत नाही. उलट तुमच्या फोनवर कोस्टगार्डशी बोलणं चालू असेल तर जवळच्या बोटीला ते कोणीतरी परत सांगावं लागतं.

डीएससीवाला सेट, म्हणजे बटणावर आपोआप संकटाचा इशारा पाठवणारा रेडिओ, असेल तर लाल झाकणाखालचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, चॅनल ७० वर तुमच्या सेटचा नऊ आकडी ओळख नंबर आणि जीपीएसची जागा आपोआप जाते. पण नदीत एक गोची आहे, पुलाखाली किंवा उंच इमारतींच्या खोबणीत जीपीएस मधेच जागा धरून बसतो, जुनीच पाठवतो. म्हणून बटणानंतर तोंडाने बोलायचंच. मेडे मेडे मेडे, मग बोटीचं नाव तीनदा, मग जागा, आणि नदीत जागा म्हणजे पुलाचं किंवा पिअरचं नाव, अक्षांश-रेखांश नाही. मग काय झालंय, काय हवंय, माणसं किती. माणसं किती हे लोक विसरतात. ते विसरलं तर एकाला काढल्यावर शोध थांबवायचा की चालू ठेवायचा हे कोणालाच कळत नाही.

जिवाला धोका नाही पण अडकलो आहोत, इंजिन बंद पडलंय, तर मेडे नाही, पॅन पॅन. पण इथे प्रवाहात इंजिन बंद पडून पुलाच्या खांबाकडे किंवा नांगरलेल्या बार्जकडे (सपाट तळाची मालवाहू बोट) वाहत चालला असाल तर माझ्या मते तो मेडेच. बार्जच्या ज्या टोकाला प्रवाह येऊन आपटतो तिथे पाणी खाली ओढतं. बुडालेलं सामान बहुतेक तिथेच सापडतं, शोधणारेसुद्धा पिअर आणि बार्जच्या त्या तोंडाला आधी दिवा मारतात.

आळशी_वल्हं

बादलीचं करून बघतो. कयाकवर नंबर लिहायचा सल्ला पण ऐकला होता, तो कशासाठी?

डेकवरचा_बाळू

त्यासाठीच तर मी वाट बघत होतो कोणी विचारतंय का. रिकामी कयाक किंवा पॅडलबोर्ड वाहताना सापडला की प्रश्न एकच, वर बसलेला माणूस कुठेय. काठावरून दोरी सुटून वाहत गेलेली असेल आणि मालक पबमध्ये बसला असेल, पण खोलीतल्या माणसाला ते गृहीत धरता येत नाही. नाव आणि फोन लिहिलेला असला तर दोन मिनिटांत निकाल, नसला तर भरती-ओहोटीचा हिशेब लावून तास तास शोध. आरएनएलआय त्यासाठी स्टिकर देते. लावा. आणि बोट हरवली, पण तुम्ही सुखरूप आहात, तर तेही कळवा, लोक लाजेने कळवत नाहीत.

जुनी_पानं

नदीत कोस्टगार्ड कसे या प्रश्नाचं उत्तर १९८९ मध्ये आहे. २० ऑगस्टच्या पहाटे, पावणेदोनच्या सुमाराला, मार्शनेस नावाची पार्टीची बोट कॅनन स्ट्रीट रेल्वे पुलाजवळ बोबेल नावाच्या ड्रेजरखाली (वाळू उपसणारं जहाज) गेली. ५१ माणसं गेली, बहुतेक तरुण. जे वाचले त्यांतल्या कित्येकांना जवळच असलेल्या दुसऱ्या पार्टी बोटीने उचललं, हर्लिंगम तिचं नाव. शहराच्या ऐन मध्यात, आणि नदीवर जीव वाचवायला चोवीस तास तयार असलेली लाइफबोट एकही नव्हती. पुढे लॉर्ड जस्टिस क्लार्क यांची चौकशी झाली, सरकारने कोस्टगार्ड, बंदर आणि आरएनएलआय यांना एकत्र बसवलं, आणि जानेवारी २००२ मध्ये टेडिंग्टन, चिझिक, टॉवर आणि ग्रेव्हसेंड अशी चार ठाणी सुरू झाली. नदीवर लाइफबोटचं ठाणं ही कल्पनाच तेव्हा आरएनएलआयला नवी होती.

गंमत म्हणजे टॉवर ठाणं आता टॉवर ऑफ लंडनपाशी नाहीच. २००६ ला ते वॉटर्लू पुलापाशी हलवलं, नाव तेवढं मागे राहिलं. म्हणून येडाभाऊ तुमच्याकडे बोट आली म्हणता आली, ती तुमच्या शेजारीच राहते. आरएनएलआयच्या सगळ्या ठाण्यांत सर्वात जास्त फेऱ्या याच ठाण्याच्या होतात.

शहाणा_सुरता

ठीक आहे, पोलिसचं मागे घेतो. पण मग प्रत्येक पिशवीसाठी लाइफबोट सुटत राहिली तर खऱ्या माणसाच्या वेळी ती दुसरीकडे नसेल का? हा मुद्दा कोणी घेत नाहीये.

डेकवरचा_बाळू

मुद्दा बरोबर आहे आणि त्याचं उत्तरही आहे. एक तर लाइफबोट पिशव्या शोधत असते तेव्हा ती रेडिओवर असते, पाण्यात असते, माणसं सूट घालून तयार असतात. दुसरी खबर आली तर तिथूनच वळते, झोपेतून उठून निघण्यापेक्षा लवकर पोचते. आणि ठरवायचं कोणी, कुठली खबर पक्की आणि कुठली कच्ची, तर ते त्या खोलीतल्या माणसाने. त्याच्याकडे तीन फोन आले, तिघांनी तीन वेगळ्या पुलांवरून काळं काहीतरी पाहिलं आणि वेळा प्रवाहाशी जुळल्या तर तो एकच माणूस आहे हे त्याला कळतं. तुम्ही पुलावर उभं राहून ठरवलंत की कचरा असावा, फोन नको, तर त्या तीनातला एक ठिपका गेला.

हे जे चाललं होतं ना तिघांचं, माणूस की कचरा, ते ठरवायचं काम तुमचं नव्हतंच. त्यांच्या नोंदीत यासाठी वेगळा प्रकार असतो, चांगल्या हेतूने दिलेला चुकीचा इशारा. मुद्दाम थापा मारणं हा गुन्हा, पिशवीला माणूस समजणं हा गुन्हा नाही. आमच्या कप्तानाने एकदा मेलेल्या हंसासाठी कळवलं होतं, वीस वर्षांचा अनुभव.

अवांतर: पुलांवर आणि काठाला लाल-नारिंगी रिंगा लटकवलेल्या असतात. माणसापर्यंत पोचत नसेल तरी टाका. ती त्याच्याबरोबरच वाहते, रात्री शोधणाऱ्याला डोक्यापेक्षा रिंग आधी दिसते. तुम्ही स्वतः मात्र उडी मारू नका. पाणी १५ अंशांच्या खाली असलं की पहिलं एक-दीड मिनिट श्वासावर ताबा राहत नाही, चांगला पोहणारा असला तरी. ओरडून सांगायचं असेल तर पोह म्हणू नका, उताणा हो, तरंग म्हणा.

रेडिओवाली

+१. आणि फोन ठेवू नका. कोस्टगार्डला तुमचे डोळे हवे असतात, बोट येताना त्यांना सांगता येतं की खबर देणारा अजून पुलावर आहे आणि हात दाखवतोय. मधल्या काळात तो माणूस शिडी पकडून बाहेर आला आणि चालत निघून गेला असं दिसलं तर तेही सांगा, नाहीतर बिचारे पहाटेपर्यंत फिरत बसतात.

पुलावरचा_येडा

सगळ्यांचे आभार. हंसाचं वाचून बरं वाटलं, खरं सांगतो.

काल रात्री परत त्याच पुलावर थांबलो, मुद्दाम. खांबाची मिशी शोधली. आधी कळेना, मग डोळे सरावले आणि दिसलं, पाणी वॉटर्लूच्या बाजूने येऊन आपटत होतं, म्हणजे भरती, म्हणजे सगळं वेस्टमिन्स्टरकडे चाललेलं. एक फळी गेली, तिच्यामागे बाटली. मोजली, एका खांबापासून दिसेनाशी होईपर्यंत दीड मिनिट. बायको म्हणाली आता काय पहारा देणार का, चल.

डेकवरचा_बाळू

फळी कुठल्या काठाने गेली?

पुलावरचा_येडा

लंडन आयच्या. ९ वाजून १० मिनिटांनी.